वैरागच्या स्टँडवर कोण मोजलं गेलं?

तुमच्यातले निम्मेजण हा भाग एसटीत बसून, नाहीतर एसटीची वाट बघत ऐकत असणार, हे मला माहितीय. आजचा विषय तुमचाच आहे. गावाकडचा माणूस कुठं जातो, कसा जातो, हे सरकार आणि इंजिनिअर लोक मोजतात तरी कसं? आणि मोजताना कोण सुटतं?

चला, सोलापूर जिल्ह्यात. बार्शी तालुक्यातलं वैराग, बार्शी-सोलापूर रस्त्यावरचं बाजाराचं गाव. सकाळी सातची वेळ धरा. पोरं-पोरी सॅक अडकवून बार्शीच्या कॉलेजला निघालीत. एक आजी सोलापूरच्या सिव्हिलला चालल्यात. कडेला वडापची जीप उभी आहे, ड्रायव्हर "अजून दोन सीट, अजून दोन" करतोय. आणि स्टँडकडे न येताच बायकांचा एक घोळका खुरपी घेऊन पायी शेतावर गेलाय. यातल्या कुणाची नोंद होते? कंडक्टरनं ज्यांना तिकीट दिलं किंवा ज्यांचा पास बघितला, त्यांची. बाकीचे हवेत!

ही गोष्ट जुनी आहे. १८९७ साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं कुर्डुवाडीजवळच्या बार्शी रोड स्टेशनापासून बार्शीपर्यंत रेल्वे आणली. बार्शी लाइट रेल्वे. रुळांमधलं अंतर अडीच फूट. आपले आजोबा-पणजोबा याच गाडीनं फिरले. १९०६ ला ती पंढरपूरला पोचली, १९११ ला लातूरला. पण ही होती खासगी कंपनी. तिच्या हिशोबात माल आणि भाडं देणारा प्रवासी, एवढंच बसणार. कापूस होता, धान्य होतं, पंढरीचे वारकरी होते. वैराग त्या रुळांवर नव्हतं. इथल्या माणसाला आधी बैलगाडीनं नाहीतर पायी बार्शी गाठायची, मग गाडी. तो पहिला टप्पा कुठल्याच तिकिटावर छापला गेला नाही.

मग आलं १९४३ साल. नागपुरात देशभरातले मुख्य इंजिनिअर जमले आणि २० वर्षांची रस्ते योजना ठरली. तिला 'नागपूर प्लॅन' म्हणतात. त्यात एक सूत्र होतं. शेतीचा मुलूख किती, लहान-मोठी गावं किती, हे घाला आणि किती मैल रस्ते हवेत ते काढा. ध्येय असं की, चांगल्या शेतीच्या भागात कुठलंही गाव मोठ्या रस्त्यापासून ५ मैलांपेक्षा लांब नको. त्या काळाच्या मानानं विचार चांगलाच होता. पण सूत्रात एक वजाबाकीसुद्धा होती बरं का! मोठ्या रस्त्यांच्या लांबीतून रेल्वेमार्गाची लांबी वजा करायची. म्हणजे रेल्वे आहे ना, मग तेवढा रस्ता कमी चालेल. आता रेल्वे बार्शीत आणि माणूस वैरागात. त्याच्यासाठी ही वजाबाकी कशी लागू व्हावी? शिवाय सूत्र गावं मोजत होतं. गावातून कोण, कधी, कशासाठी बाहेर पडतं, हा प्रश्न त्यात नव्हताच.

तो प्रश्न विचारला गेला अमेरिकेत. १९५० च्या दशकात डेट्रॉइट आणि शिकागो या शहरांत मोटारींची गर्दी वाढली, तेव्हा घरोघरी जाऊन विचारलं, काल कुठं गेला होता? त्यातून चार पायऱ्यांची पद्धत तयार झाली. किती फेऱ्या निघतात, कुठून कुठं जातात, कशानं जातात, कुठल्या रस्त्यानं जातात. आजही जगभर मोठे रस्ते आणि मेट्रो आखताना हीच पद्धत कुठल्या ना कुठल्या रूपात वापरतात.

दुसऱ्या पायरीत गंमत आहे. तिथं न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणासारखा हिशोब असतो. गाव जेवढं मोठं तेवढी ओढ जास्त, जेवढं लांब तेवढी कमी. वैरागवर लावून बघा. बार्शी जवळ, सोलापूर लांब पण मोठं. मग कोण जास्त ओढणार? इथला माणूस मात्र वेगळाच हिशोब करतो. परतीची शेवटची गाडी किती वाजता? आज बाजार आहे का? ऊसतोड सुरू झाली का? डेट्रॉइटच्या हिशोबाला एक 'सरासरी दिवस' लागतो. पेरणीचा दिवस, बाजाराचा दिवस आणि वारीचा दिवस, यांची सरासरी काढून काय मिळणार?

आणि आपल्याकडची मोजणी? २०११ च्या जनगणनेत कामावर किती लांब आणि कशानं जाता, असा प्रश्न होता. पायी, सायकल, मोटारसायकल, बस, सगळे पर्याय होते. पण तो प्रश्न फक्त 'इतर कामगार' या गटाला विचारला. शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगातले लोक त्यातून वगळले. म्हणजे सकाळी खुरपं घेऊन निघालेला तो घोळका देशाच्या सगळ्यात मोठ्या मोजणीतही चालताना दिसत नाही.

आता मुद्द्यावर येतो. सगळ्यात जास्त नुकसान होतं ते न झालेल्या प्रवासाचं. समजा, एका वस्तीवर संध्याकाळची गाडी नाही. म्हणून घरचे पोरीला अकरावीला बार्शीला पाठवत नाहीत. पास मिळाला असता, पण गाडीच नाही तर पासाचं काय करायचं? ती स्टँडवर येत नाही. मग आकडे सांगतात, त्या वस्तीवरून प्रवासी नाहीत. प्रवासी नाहीत म्हणून गाडी नाही. झालं की नाही चक्र पूर्ण?

हे खरं कशावरून? दोन उदाहरणं तुम्ही स्वतः बघितलीत. २०२१ च्या दिवाळीच्या सुमाराला एसटीचा संप सुरू झाला, तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. त्या महिन्यांत बहुतेक गाड्या डेपोतच उभ्या होत्या. तिकिटं जवळजवळ शून्यावर आली म्हणून लोकांची गरज शून्य झाली होती का? लोक वडापनं गेले, कुणाच्या तरी गाडीवर मागं बसून गेले, किंवा घरीच राहिले. दुसरं उदाहरण, मार्च २०२३. बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं आणि गाड्यांमध्ये बायकांची गर्दी दिसायला लागली. या बायका काही त्या महिन्यात गावात नव्यानं आल्या नव्हत्या. माहेर, दवाखाना, बाजार, सगळं आधीपासून होतंच. खिशाला परवडत नव्हतं, म्हणून आकड्यात नव्हतं.

आता मोजणीची नवी पद्धत येतेय, मोबाईलच्या लोकेशनवरून. तुमच्या खिशातला फोनच सांगणार, तुम्ही कुठून कुठं गेलात. ऐकायला भारी वाटतं. पण घरात स्मार्टफोन एकच असेल आणि तो दादाच्या खिशात असेल, तर आईचा प्रवास कोण सांगणार?

म्हणून या आठवड्यात एक काम करा. घरात आईला नाहीतर आजीला विचारा, "गेल्या महिन्यात कुठं जायचं होतं आणि जाता आलं नाही?" उत्तर लिहून ठेवा. ग्रामसभेत एसटीची मागणी होईल तेव्हा नुसतं "गाडी पाहिजे" म्हणण्यापेक्षा अशी पंचवीस घरांची यादी पुढं ठेवा. कुणाला, कुठं, किती वाजता जायचंय, सगळं लिहिलेलं. तिकिटांच्या हिशोबात ही माणसं सापडत नाहीत, त्या यादीत सापडतील.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत सीट मिळाली तर बसा, आणि आजी उभ्या असतील तर उठा!