लग्न आणि पाट : दोन विवाहसंज्ञा व कुळप्रतिष्ठा

विवाहविधीवरून कुळाची पायरी ओळखण्याची रीत अनेक समाजांत आढळते. सुलावेसी बेटावरील तोराजांत विवाहभंगाचा दंड म्हशींच्या संख्येत ठरे, आणि ती संख्या दर्जागणिक बदले. पुणे प्रांतातील शेतकरी समाजात हेच काम दोन शब्द करीत : लग्न आणि पाट. पिंपरी-चिंचवड व चाकण येथील कारखान्यांनी आज व्यापलेली हवेली, मावळ व खेड तालुक्यांतील गावे ह्याच प्रांतातील होत.

लग्न स्त्रीचे एकदाच. विधवेचा पुनर्विवाह तो पाट; त्यालाच मोहतूर असेही म्हणत. मोहतूर हे उघडच ‘मुहूर्त’चे रूप. रात्री, सवाष्णींना दूर ठेवून उरकावयाच्या विधीला असा शुभवाचक शब्द लागावा, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. वर अविवाहित असल्यास प्रथम रुईच्या झाडाशी त्याचे लग्न लावीत, म्हणजे त्याचाही हा दुसरा विवाह ठरे! मराठेशाहीत लग्नटका व पाटदाम हे करही निरनिराळे होते. आर्थर स्टील ह्याने १८२७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दक्खनच्या जातिरूढींच्या संग्रहातही हे दोन विवाहप्रकार वेगळे नोंदले आहेत.

पाट कमी प्रतीचा खरा, परंतु निषिद्ध नव्हे. निषेध सुरू होई तो वरच्या पायरीवर. शहाण्णव कुळी म्हणविणाऱ्या घराण्यांत पाट चालत नसे. म्हणून कुणबी घराणे जमीनजुमल्याने सुस्थितीत आले व मराठा म्हणवू लागले, की प्रथम पाट सोडी. देवक पूर्वीही पाहिले जाई, आता कुळाचीही चौकशी होऊ लागे. वरपक्षाने वधूपित्यास द्यावयाचे देज मागे पडे आणि पैसा उलट दिशेने, हुंडा म्हणून, वाहू लागे. घराणे एक पायरी चढे. त्या घरातील विधवेचे दार मात्र बंद होई.

१८५६ च्या विधवाविवाह कायद्याने ह्या वर्गाला नवे असे थोडेच दिले, कारण पाट त्यांच्यात आधीच रूढ होता. उलट, पुनर्विवाहामुळे पहिल्या पतीच्या मिळकतीवरील हक्क जातो हे त्या कायद्यातील कलम मुंबईच्या न्यायालयाने पाट करणाऱ्या जातींनाही लावले; अलाहाबादच्या न्यायालयाने ते तसे लावले नाही.

पिंपरीस १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ आले, आणि शेतजमिनीला पूर्वी न पाहिलेला भाव आला. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात लग्न व पाट हा भेद राहिला नाही. बोलण्यातही पाटाच्या जागी ‘पुनर्विवाह’ आला, आणि देज हा शब्द तरुणांना समजावून सांगावा लागतो. हुंडा मात्र १९६१ च्या बंदीनंतरही भाषेतून गेलेला नाही, आणि वधूवरांच्या जाहिरातींत ‘शहाण्णव कुळी’ हे विशेषण अद्याप छापले जाते.