लेझर रिसरफेसिंग

लेझर किरणांच्या उष्णतेने त्वचेचे वरचे थर ठरावीक खोलीपर्यंत काढून किंवा तापवून तेथे नवी त्वचा येऊ देणारा सौंदर्योपचार. मुरुमांचे खड्डे, उन्हामुळे पडलेल्या सुरकुत्या, अपघाताच्या व शस्त्रक्रियेच्या खुणा यांसाठी तो मुख्यतः वापरतात. वैद्यकीय दृष्टीने ही मुद्दाम केलेली, नियंत्रित जखम असते. यश जितके यंत्रावर, तितकेच ती जखम कशी भरते यावर अवलंबून असते.

इतिहास : थिओडोर मेमन यांनी १९६० मध्ये माणकाचा पहिला लेझर चालवून दाखवला आणि लवकरच सिनसिनाटीचे त्वचारोगतज्ज्ञ लिऑन गोल्डमन यांनी त्याचे त्वचेवर प्रयोग केले. रिसरफेसिंगचा पाया ठरलेला कार्बन डाय-ऑक्साइड लेझर मात्र १९६४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सी. कुमार एन. पटेल यांनी विकसित केला. पटेल यांचा जन्म १९३८ मध्ये बारामतीत झाला आणि अभियांत्रिकीची पदवी त्यांनी पुण्यात घेतली. मराठी वाचकाने हे आवर्जून लक्षात ठेवावे.

सुरुवातीच्या यंत्रांचा झोत अखंड असे. त्यामुळे उष्णता आजूबाजूला पसरून व्रण राहत. १९८३ मध्ये रॉक्स अँडरसन व जॉन पॅरिश यांनी दाखवले, की लक्ष्य ऊतक थंड व्हायला जेवढा वेळ लागतो त्याहून लेझरचा स्पंद छोटा ठेवला, तर उष्णता बहुतांशी लक्ष्यापुरतीच राहते. या तत्त्वावर १९९०च्या दशकात एक सहस्रांश सेकंदाहून छोट्या स्पंदांचे लेझर आले आणि संपूर्ण चेहऱ्याचा उपचार व्यवहार्य झाला. २००४ मध्ये डीटर मॅनस्टाइन, अँडरसन आणि सहकाऱ्यांनी फ्रॅक्शनल पद्धत मांडली.

कार्यतत्त्व : कार्बन डाय-ऑक्साइड लेझरची तरंगलांबी १०,६०० नॅनोमीटर, तर एर्बियम-याग लेझरची २,९४० नॅनोमीटर असते. दोन्ही किरण त्वचेतील पाणी शोषते, त्याची क्षणात वाफ होते आणि थर निघून जातो. खालच्या अंतस्त्वचेतील कोलॅजेन उष्णतेने आकसते व पुढे काही महिने नवे तयार होत राहते. एर्बियमचे किरण पाण्यात कितीतरी पटींनी अधिक शोषले जातात. म्हणून हा लेझर पातळ थर काढतो आणि जखम लवकर भरते, पण रक्तस्राव पुरेसा थांबत नाही आणि त्वचा कमी आवळते. फ्रॅक्शनल पद्धतीत सलग थर न काढता सूक्ष्म स्तंभांपुरतीच इजा करतात. मधल्या अबाधित त्वचेतून पेशी सरकून ते स्तंभ भरून काढतात. संपूर्ण थर काढल्यास नवी बाह्यत्वचा येण्यास साधारण ७ ते १० दिवस लागतात आणि लाली कित्येक आठवडे किंवा महिने टिकते. फ्रॅक्शनलमध्ये हा काळ बराच कमी असतो, मात्र बैठका जास्त लागतात.

थर न काढता केवळ तापवणारे लेझरही आहेत (उदा., १,५५० नॅनोमीटर).

सावळी त्वचा : भारतीयांच्या दृष्टीने हाच कळीचा भाग. थॉमस फिट्झपॅट्रिक यांच्या त्वचेच्या वर्गीकरणातील चौथ्या-पाचव्या प्रकारांत बहुतेक भारतीय येतात. थर काढणारे वरील दोन्ही किरण मेलॅनीन या रंगद्रव्यावर नेम धरत नाहीत, तरीही काळे डाग पडतात, कारण जखमेच्या दाहाने रंगपेशी उत्तेजित होतात. ते बहुधा काही महिन्यांत फिकटतात, पण तो काळ रुग्णाला फार जड जातो आणि त्याची कल्पना त्याला आधीच द्यायला हवी. त्यामुळे आपल्याकडे फ्रॅक्शनल पद्धत, स्तंभांची कमी घनता, बैठकांतील पुरेसे अंतर आणि उन्हापासून कडक संरक्षण हाच शहाणपणाचा मार्ग आहे. काळ्या डागांच्या उलट, उशिरा दिसणारा पांढुरका डाग कायमचा राहू शकतो.

वांगावर लेझर वापरावा की नाही, याबाबत तज्ज्ञांत मतभेद आहेत. वांग पुन्हा उमटण्याचा व काही वेळा अधिक गडद होण्याचा धोका असतो.

निवड व दक्षता : उथळ, रुंद खड्डे चांगला प्रतिसाद देतात. सुईच्या टोकासारखे खोल खड्डे केवळ लेझरने भरत नाहीत. मानेवर त्वचा भरून आणणारे केसांचे कूप व तैलग्रंथी कमी असल्याने तेथे व्रणाचा धोका अधिक असतो. ओठांभोवती नागीण-वर्गीय फोड येऊन गेलेल्यांना आधीपासून विषाणुरोधक औषध देतात. मुरुमांवरील आयसोट्रेटिनॉइन हे औषध घेणाऱ्यांनी पूर्वी सहा महिने ते वर्षभर थांबावे असा दंडक होता. अलीकडे फ्रॅक्शनलपुरता तो शिथिल मानला जातो, पण संपूर्ण थर काढताना अद्याप पाळतात. चेहऱ्याच्या उपचारात रुग्णाच्या डोळ्यांवर संरक्षक कवच असणे अनिवार्य असते.

पर्याय : केमिकल पील, डर्माब्रेजन, मायक्रोनीडलिंग.