गाठ दिसते, पण सापडत नाही

फुप्फुसातली लहान गाठ काढायची, तर पूर्वी दोन बरगड्यांमधून छाती मोठी उघडावी लागे. शल्यविशारद आत हात घालून स्पंजासारख्या मऊ फुप्फुसावरून बोटे फिरवी, आणि मटाराच्या दाण्याएवढी गाठही त्याला जाणवे. स्वीडनच्या याकोबेयस यांनी १९१० मध्येच छातीत दुर्बीण घालून पाहिले होते. पण अशा शस्त्रक्रिया सर्रास होऊ लागल्या त्या १९९० नंतर, दुर्बिणीला कॅमेरा जोडल्यावर. जखम लहान झाली, वेदना कमी झाल्या. हात मात्र बाहेरच राहिला.

सीटी स्कॅनमध्ये गाठ दिसतेच, मग अडचण कोणती? ते चित्र हवेने फुगलेल्या फुप्फुसाचे असते. शस्त्रक्रियेच्या वेळी त्या बाजूचे फुप्फुस मिटवतात आणि गाठही जागा सोडते. वर्गात हे सहज दाखवता येईल. जाड स्पंजात मणी दडवा, स्पंज चुरगळून धरा आणि विद्यार्थ्यांना मणी आधी पट्टीच्या टोकाने, मग बोटाने शोधायला सांगा.

यावर उपाय म्हणजे गाठीजवळ आधीच खूण करणे. पहिली युक्ती स्तनाच्या शस्त्रक्रियेतून उसनी घेतली : सीटीत पाहत, सुईवाटे आकडा असलेली तार गाठीपाशी रोवायची. पण फुप्फुस मिटताना तार कधी निसटे, तर कधी सुईच्या छिद्रातून हवा गळून छातीत साठे. मिथिलीन ब्ल्यू हा रंग टोचला, तर तो पसरतो आणि काळवंडलेल्या फुप्फुसावर नीट ओळखू येत नाही. प्लॅटिनमच्या बारीक तारेचे वेटोळे क्ष-किरणांत दिसते. किरणोत्सारी टेक्नेशियमची खूण शोधक उपकरणाने कळते, तर इंडोसायनिन ग्रीन हे द्रव्य अवरक्त कॅमेऱ्यात चमकते. जपानमधील सातो व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये मांडलेल्या पद्धतीत छातीत सुई खुपसावी लागत नाही. श्वासनलिकेतून दुर्बीण नेऊन फुप्फुसाच्या पृष्ठभागावर रंगाचे अनेक ठिपके उमटवतात. एखादा पुसट झाला, तरी बाकीचे वाट दाखवतात.

अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. दीर्घकाळ भरपूर धूम्रपान केलेल्यांची कमी मात्रेच्या सीटीने तपासणी केली असता, छातीच्या साध्या क्ष-किरण तपासणीच्या तुलनेत फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी झाले. अशा तपासण्यांत लहान गाठी वेळीच दिसतात. परंतु दिसलेली गाठ शस्त्रक्रियेत सापडली नाही, तर छाती उघडावी लागते किंवा फुप्फुसाचा जास्त भाग कापावा लागतो. बोटाला जे सहज कळत होते ते हाताशिवाय कळावे, यासाठीच ही सारी खटपट आहे.