कर्करोगाची जोखीम आणि मोजणीबाहेरची गावे

एखाद्या घरात वडील आणि काका दोघेही मुखकर्करोगाने गेले, की ‘हे आमच्या रक्तातच आहे’ असे म्हटले जाते. चंद्रपूर जिल्ह्यात, कोरपना तालुक्यातील गडचांदूरसारख्या गावी या विधानाची परीक्षा करणे विशेष अवघड ठरते. आसपास सिमेंटचे कारखाने व चुनखडीच्या खाणी आहेत, आणि पानठेल्यांवर खर्रा आहे. सुपारी, तंबाखू व चुना पन्नीत घोटून केलेला हा खर्रा बापाच्या खिशातून मुलाच्या हाती जातो. जनुकेही बापाकडूनच मुलाकडे येतात. कुटुंबाचा वारसा असा दुहेरी असतो आणि केवळ कौटुंबिक इतिहासावरून त्यातील दोन धागे वेगळे करता येत नाहीत.

एकूण कर्करोगांपैकी साधारण ५ ते १० टक्क्यांच्या मुळाशी आई-वडिलांकडून आलेले एखादे बलवान जनुकीय उत्परिवर्तन असते. स्तनाच्या कर्करोगाशी निगडित असे पहिले जनुक सतराव्या गुणसूत्रावर असल्याचे मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये दाखविले. ‘बीआरसीए-१’ हे ते जनुक १९९४ मध्ये प्रत्यक्ष हाती आले, तर ‘बीआरसीए-२’ त्यानंतरच्या वर्षी. २०१७ च्या एका मोठ्या अभ्यासानुसार, पहिल्यात दोष असलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ७२ टक्के स्त्रियांना वयाच्या ऐंशीपर्यंत स्तनाचा कर्करोग होतो. मुखकर्करोगाच्या बहुसंख्य रुग्णांत मात्र असे एकच बलवान जनुक आढळत नाही. तिथे तंबाखू आणि सुपारी हीच मुख्य कारणे आहेत. तंबाखूविना नुसती सुपारीदेखील कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये दिला. गावोगावी सुपारीला अजूनही निरुपद्रवी मानले जाते, म्हणून हे मुद्दाम सांगावे लागते.

व्यक्तीची जोखीम आकड्यात सांगण्यासाठी संख्याशास्त्रीय प्रारूपे वापरतात. त्यांपैकी प्रसिद्ध आहे ते १९८९ चे गेल प्रारूप. स्त्रीचे वय, पहिल्या पाळीचे व पहिल्या बाळंतपणाचे वय, आई-बहिणी-मुलींपैकी किती जणींना हा रोग झाला आणि पूर्वी स्तनाच्या गाठीचा तुकडा किती वेळा तपासला, एवढ्या माहितीवर ते पुढील पाच वर्षांतील शक्यता सांगते. पण ही गुणोत्तरे ज्या पायाभूत दराला लावायची, तो दर अमेरिकेतील गोऱ्या स्त्रियांचा होता. अमेरिकेत आयुष्यभरात आठपैकी एका स्त्रीला स्तनाचा कर्करोग होतो. भारतातील राष्ट्रीय नोंदणीचा अंदाज, पंचाहत्तरीपूर्वीपुरता, २९ पैकी एक असा आहे. मोजपट्टी थोडी निराळी असली तरी अंतर लक्षात यावे. तिकडचे प्रारूप जसेच्या तसे इकडे लावले तर गुणाकार बिनचूक येईल आणि उत्तर चुकेल.

पायाभूत दर मिळतो तो नोंदणीतून. देशातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी १९६३ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीने मुंबईत सुरू केली. एकाच शहरात राहूनही पारशी स्त्रियांत स्तनाचा कर्करोग इतरांपेक्षा अधिक, तर पारशी समाजात मुखकर्करोग कमी, हे याच नोंदणीतून दिसले. आपसांतील विवाहांमुळे जनुकांचा संशय येतोच. पण उशिराचे विवाह, मोजकी मुले आणि तंबाखूपासूनचे अंतर हेही त्याच समाजाचे विशेष. म्हणजे मुंबईतही धागे गुंतलेलेच होते, पण निदान ते मोजलेले होते.

खेड्यात ही मोजणी कशी करावी, हे बार्शीने दाखविले. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांसाठी १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण नोंदणी तिथे सुरू झाली. शहरात रुग्णालयांची दप्तरे चाळली की बरेचसे काम होते. इथे रुग्ण रुग्णालयापर्यंत पोहोचतच नसे. म्हणून प्रशिक्षित कार्यकर्ते ठरावीक काळाने गावोगावी जात, सरपंच, शिक्षक, आरोग्यसेविका यांच्याशी बोलत, लक्षणे समजावून सांगत आणि संशयित रुग्णांना तपासणीसाठी बार्शीच्या रुग्णालयात आणत. मोजण्यासाठी गेलेल्यांकडून उपचाराची वाटही खुली झाली, हे या उपक्रमाचे खरे मोल. तिथल्या स्त्रियांत प्रारंभी गर्भाशयमुखाचा कर्करोग अग्रस्थानी होता, आणि स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण मुंबईपेक्षा बरेच कमी.

राष्ट्रीय नोंदणी कार्यक्रमाच्या २०१२-१६ च्या आकडेवारीत पुरुषांचा वयोसमायोजित दर मिझोराममधील ऐझॉलमध्ये लाखामागे २६९.४, तर उस्मानाबाद-बीडमध्ये अवघा ३९.५ होता. एकाच देशात जवळजवळ सातपट फरक! या यादीत विदर्भातून नागपूर आणि वर्धा होते. चंद्रपूर, गडचिरोली नव्हते.

धुळीचा प्रश्नही इथेच अडतो. श्वासावाटे जाणारी स्फटिकरूप सिलिका १९९७ मध्ये आणि बाह्य हवेचे प्रदूषण २०१३ मध्ये कर्करोगकारक ठरले. चंद्रपूरचा समावेश केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत केला होता. पण एखाद्या वर्षी गावात रुग्ण दुप्पट दिसले म्हणून धुळीवर ठपका ठेवता येत नाही. जिथे वर्षाला सरासरी चार रुग्ण अपेक्षित आहेत, तिथे आठ किंवा अधिक रुग्ण वीसेक वर्षांतून एकदा निव्वळ योगायोगानेही दिसतात. तसेच, नोंद नाही म्हणून धूळ निर्दोष ठरते, असेही नाही.

तोवर डॉक्टरांना सांगायचा कौटुंबिक इतिहास नेमका असावा: कोणाला, कोणत्या अवयवाचा, कितव्या वर्षी आणि खर्रा किती वर्षे. एकाच घरात तरुण वयातील स्तनाचा आणि बीजकोशाचा कर्करोग आढळल्यास जनुकीय समुपदेशन घ्यावे. वडील आणि काका दोघेही खर्रा खाणारे असतील, तर मुलाने आधी तो सोडावा आणि तोंड तपासून घ्यावे. रक्ताची चाचणी त्यानंतरची.