माहेरचें रान

इतिहास लिहिणारांची एक जुनी खोड अशी, कीं मालकी कोणाची हें ते आधीं विचारतात आणि राखण कोणीं केली हें विचारावयाचें बहुधा विसरतात. अरण्यांच्या इतिहासांत ही खोड विशेष जाणवते. हुकूम, लिलाव, करार यांनीं दफ्तरें भरलेलीं आहेत. परंतु ज्या स्त्रियांनीं पिढ्यान् पिढ्या रान सांभाळलें, त्यांचें नांव तेथें क्वचितच आढळतें. गढवाल व कुमाऊं येथील हकीकत या दृष्टीनें आम्हांस विचार करण्याजोगी वाटते.

हिमालयाच्या या उतारांवर कुटुंबाची शेती लहान व पायऱ्यापायऱ्यांची. ती पिकावी तर शेणखत हवें, खतासाठीं गुरें हवींत आणि गुरांस चारा हवा. चारा, गोठ्यांत अंथरावयाचा पाला आणि चुलीचें सरपण हें सर्व बांज नांवाच्या ओक जातीच्या झाडापासून मिळे; तें आणण्याचें काम मुख्यतः स्त्रियांचें. पुष्कळ पुरुष कमाईसाठीं मैदानांत किंवा पलटणींत गेलेले. कागदोपत्रीं रान सरकारचें वा गांवाचें असलें, तरी लेकीसुनांच्या लेखीं तें घरच्या शेताचाच विस्तार होतें.

इंग्रजी अमलांत रेल्वेचे स्लीपर व राळ यांसाठीं चिडाच्या झाडास भाव आला. बांजास जंगलखात्याच्या हिशेबांत तितकी किंमत नव्हती. १९२१ सालीं कुमाऊंतील लोकांनीं राखीव जंगलें पेटविलीं. १९३१ सालीं वनपंचायतींचे नियम झाले आणि गांवास आपलें रान राखण्याचा कांहीं अधिकार मिळाला. पण पंच बहुधा पुरुषच असत.

१९७० सालच्या अलकनंदेच्या महापुरानें उघड्या डोंगराचा अर्थ साऱ्यांस शिकविला. २६ मार्च १९७४ रोजीं रेणी गांवचे पुरुष सरकारनें घेतलेल्या जमिनीची भरपाई आणण्यास चमोलीस गेले असतां ठेकेदाराचे मजूर रानांत शिरले. सुमारें २,५०० झाडें तोडावयाचीं होतीं. महिला मंगल दलाच्या प्रमुख गौरादेवी व त्यांच्या सोबतच्या सत्तावीस-एक स्त्रियांनीं त्यांची वाट अडविली. हें रान म्हणजे आमचें माहेर, असा त्यांचा युक्तिवाद होता. पुढें नेमलेल्या समितीनें त्यांचेंच म्हणणें खरें ठरविलें आणि त्या पाणलोटांतील व्यापारी तोड दहा वर्षें बंद झाली.

तथापि शत्रु नेहमीं बाहेरचाच असतो असें नाहीं. १९८० सालीं त्याच जिल्ह्यांतील डुंगरी-पैंतोली येथें गांवच्या पुरुषांनीं बांजाचें रान बटाट्याच्या बियाण्याच्या मळ्यासाठीं देण्याचें कबूल केलें. मोबदल्यांत पक्की सडक, शाळा, दवाखाना व वीज मिळणार होती. या गोष्टी त्याज्य होत्या असें कोण म्हणेल? परंतु रान गेल्यावर चाऱ्यासाठीं रोज कित्येक मैल अधिक चालावें लागणार होतें तें स्त्रियांस, आणि करार करतांना त्यांस कोणी विचारलें नव्हतें. त्यांनीं घरच्याच माणसांस विरोध केला आणि रान वांचविलें. आमच्या मतें रेणीपेक्षां हा प्रसंग कठीण. ठेकेदारास अडविणें सोपें, पतीस व सासऱ्यास अडविणें सोपें नव्हे.

माहेर ही उपमा गोड खरी, पण तिच्यांत एक बोचही आहे. माहेरीं लेकीस माया मिळे, हिस्सा मिळत नसे. वडिलोपार्जित मिळकतींत हिंदु कन्येस पुत्राबरोबरीचा हक्क महाराष्ट्रांत १९९४ सालीं व साऱ्या देशांत २००५ सालीं मिळाला. आणि लगेच २००६ च्या वनहक्क कायद्यानें वननिवासी विवाहित जोडप्याचा जमिनीचा हक्क दोघांच्याही नांवें नोंदविण्याचें ठरविलें. शतकानुशतकें ज्यांनीं राखण केली त्यांचें नांव अशा रीतीनें उशिरां कां होईना, कागदावर येऊं लागलें. परंतु रानाचा सौदा ठरतांना पंक्तींत स्त्रीस मानाचें पान मिळालें कीं नाहीं, हें प्रत्येक गांवानें स्वतःस विचारलें पाहिजे. डुंगरी-पैंतोलीचा धडा तोच आहे.