पडद्यामागचा दिवा

मंडळी, परवा माझा २००६ सालचा लॅपटॉप लावला, तर पडदा काळाठिक्कर. थोरल्या अक्काने सांगितलेल्या आठवणी मी त्यातच टाइप केल्या होत्या. अक्का आता नाही. नातू म्हणाला, "आजोबा, फेकून द्या." इथल्या, मूलच्या दुरुस्तीवाल्या पोराने मात्र पडद्यावर तिरपी टॉर्च मारली. अक्षरं अंधुक दिसली! म्हणजे चित्र शाबूत, मागचा उजेडच गेलेला.

या पडद्याला स्वतःचा उजेड नसतो. तेव्हाच्या लॅपटॉपात पडद्याच्या कडेला काडीसारखी बारीक, पाऱ्याची वाफ असलेली नळी असे, आणि तिला शेकडो व्होल्ट पुरवणारा छोटा इन्व्हर्टर. १९९३ साली जपानमध्ये शुजी नाकामुरांनी प्रखर निळा एलईडी केला, त्यातून पांढरा निघाला, नि २०१० च्या आसपास नळ्या मागे पडल्या. अकासाकी, अमानो, नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं ते या निळ्या दिव्यासाठीच.

पोराने जुन्या लॅपटॉपमधला इन्व्हर्टर काढून बसवला. लख्ख उजेड! लहानपणी घरातल्या प्रभाकर कंदिलाची (ओगलेवाडीचा बरं का) काच राखेने पुसायचं काम अक्काचंच असे.

आठवणी पेनड्राइव्हवर घेतल्यात. भाचरांनो, हव्या असतील तर कळवा.