युनिकोडच्या आवृत्त्या आणि मराठीचा ॲ

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये निघाली. तिच्यातली देवनागरी ‘इस्की’ या भारतीय संकेतप्रणालीच्या १९८८ च्या आराखड्यावर बेतलेली होती. धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यातील ईट गावाचे नाव तेव्हा ज्या दोन संकेतांकांनी लिहिले जाई, त्यांनीच आजही लिहिले जाते. हे स्थैर्य आपोआप आलेले नाही. १९९६ च्या २.० आवृत्तीत कोरियन हंगुल अक्षरे मूळ जागेवरून हलवली गेली आणि जुना कोरियन मजकूर नव्या आवृत्तीशी जुळेनासा झाला. तेव्हापासून दिलेला संकेतांक हलवायचा नाही आणि काढायचाही नाही, हे धोरण पक्के झाले. पुढच्या आवृत्त्यांत फक्त भर पडत गेली.

मराठीला मात्र या भरीचाच त्रास झाला. ॲ या अक्षराला स्वतंत्र संकेतांक मिळाला तो थेट २००८ मध्ये, ५.१ आवृत्तीत. तोवर अ टंकून त्यावर चंद्र चढवण्याची सवय जडली होती. राज्य शासनाने २००९ मध्ये प्रमाण वर्णमालेत ॲ घेतला, पण संगणकांवर तो उमटायला अवकाश होता. आधी फॉन्टमध्ये आकार घालावा लागे, मग कळफलकात जागा करावी लागे आणि ती सुधारित प्रत वापरणाऱ्यापर्यंत पोचावी लागे. जुना फॉन्ट असलेल्या यंत्रावर अक्षराऐवजी रिकामा चौकोन दिसे. त्याहून वाईट म्हणजे, दोन्ही प्रकारे लिहिलेला ‘ॲप’ सारखाच दिसतो, पण युनिकोड त्या दोन क्रमांना समतुल्य मानत नाही. साध्या शोधात एक दिला तर दुसरा सापडत नाही. जुना क्रम वापरू नये असे मानक सांगते, तरी आधी साठवलेल्या मजकुरात तो राहतोच.

‘शेतकऱ्यांना’ या शब्दातल्या अर्ध्या र चीही हीच गत आहे. इस्कीप्रमाणे तो ऱ आणि हलन्ताने बनतो. २.० आवृत्तीत तो र, हलन्त आणि एका अदृश्य जोडचिन्हाने लिहिला जाई. जुन्या मजकुरासाठी हा दुसरा नियमही मानकात कायम ठेवला आहे, आणि ते योग्यच आहे. त्यामुळे पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेल्या आणि रेड हॅटने खुल्या केलेल्या ‘लोहित’सारख्या फॉन्टच्या देखभालकर्त्यांना नवी प्रत काढताना दोन्ही क्रम तपासावे लागतात, तर शोधयंत्रणा लिहिणाऱ्यांना दोन्ही रूपे आधी एकसारखी करून घ्यावी लागतात.